पुडीतली गोळी

माझ्या मुलीला पहिल्या दोन वर्षांत अँटिबायोटिक किती वेळा दिलं, असं मीरा रोडच्या डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मला हसू आलं. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. शेजारच्या खुर्चीत टी-शर्टची कॉलर वर ओढून, मान लपवून बसली होती.

"मोजलं नाही," मी म्हटलं.

बाईंनी पेन थांबवलं. "साधारण?"

"खरंच मोजलं नाही हो."

हसू लाजेचं होतं, पण समोरच्याला ते निर्लज्जपणाचंच वाटणार. त्यांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. उलटं अक्षर वाचायची विद्या मला नोकरीनं दिली आहे. 'अनेक वेळा' असं लिहिलं होतं.

नोकरी म्हणजे गोडदेवच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना. लग्नानंतर आम्ही मुंबईतली खोली सोडून गोडदेवला लागूनच असलेल्या इंद्रलोकमध्ये राहायला आलो. नवऱ्याचं ऑफिस तिकडेच राहिलं. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीनंतर परत यायचा आणि मी दिवसभर भिंतींशी बोलायचे. म्हणून हे काम धरलं. आधी नुसते नंबर लावायचे होते. मग कंपाउंडर सोडून गेला आणि औषधं द्यायचं कामही माझ्याकडे आलं. माझं शिक्षण बी.कॉम. पण डॉक्टरांचं अक्षर मला लागायचं, तेवढं त्यांना पुरलं. वर्षभरात मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. सोसायटीत कुणाच्या पोराला ताप आला की आधी आमच्या दाराची बेल वाजायची. खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण मला डॉक्टरभाभी म्हणायची आणि मी तिला एकदाही थांबवलं नाही.

आमच्याकडे गोळ्या पुडीतून द्यायची पद्धत होती, अजून आहे. मोठ्या डब्यातून गोळ्या काढायच्या, कागदाचे चौकोन कापून ठेवलेले असतात त्यात बांधायच्या आणि वर पेनानं रेघा मारायच्या. एक रेघ सकाळची, दोन रेघा संध्याकाळची. औषधाचं नाव कुठेच नाही. कुणी विचारतही नाही. "पांढरी जेवल्यावर, पिवळी चहानंतर," एवढं सांगितलं की माणूस समाधानानं पायऱ्या उतरतो. लहान मुलांच्या बाटल्या मात्र मी स्वतः तयार करून द्यायचे. बाटलीच्या तळाला सुकी पावडर असते. ती टिचकी मारून मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत. नव्या आयांना ते जमायचं नाही. माझ्या हातून एक गुठळी राहायची नाही, आणि त्याचा मला कोण अभिमान!

लोकांनाही तेच हवं असायचं. गावातली एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन यायची आणि डॉक्टरांच्या आधी मलाच दम द्यायची, "बाय, कडक दवा दे. साध्या दव्यानं न्हाय जायाचा ताप." पी हळद नि हो गोरी, असा सगळा कारभार. साधं औषध देऊन तीन दिवस वाट बघा असं सांगितलं की तेच लोक संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरच्या बाकड्यावर दिसायचे. आमचे डॉक्टर वाईट नव्हते. थकलेले होते. थकलेला माणूस समोरच्याला हवं ते देतो.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि मी तिला दवाखान्यात घेऊन जायला लागले. पाळणाघरात ठेवायचा मला धीर होईना. तिथल्या बायका पोरांना काय पाजतात कोण जाणे, असं मी चारचौघींत म्हणायचे. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. औषधांच्या कपाटामागे चटई घालून त्यावर तिची दुपटी पसरायचे. जिथे अख्ख्या गोडदेवचा खोकला येऊन बसतो तिथे मी माझं बाळ निजवलं. ती आजारी पडली नसती तरच नवल.

आणि आजारी पडली की औषध हाताशीच. कंपन्यांची माणसं नमुन्याच्या बाटल्या ठेवून जायची. डॉक्टर त्यातली एखादी माझ्यापुढे सरकवायचे, "घे, पोरीला होईल." कपाटात केळ्याच्या वासाची होती, संत्र्याच्या वासाची होती. तिला केळ्याची आवडायची. चमचा दिसला की आ करायची.

पुढे पुढे तर मी आजाराची वाटही पाहिनाशी झाले. गणपतीला गावी जायचंय आणि नाक वाहतंय? करा सुरू. वाढदिवसाला माणसं बोलावलीत आणि अंग कोमट लागतंय? करा सुरू. नर्सरीच्या प्रवेशाला घेऊन जायचंय, तिथे पोर शेंबडी दिसायला नको. आणि अर्धवट सोडायचं नाही, पाच दिवस म्हणजे पाच दिवस. 'कोर्स पुरा करा' हे मी इतक्या बायकांना ऐकवलं होतं की कोर्स मुळात सुरू का करायचा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. बहुतेक वेळा नुसती सर्दी असायची. सर्दीवर या औषधाचा काडीचा उपयोग नसतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मलाही ऐकून ऐकून ठाऊक झालं होतं. पण औषध द्यायचं सोडून नुसतं मांडीवर घेऊन बसणं म्हणजे काहीच न करणं, असं मला वाटायचं.

वर्षाची व्हायच्या आत तिनं छान बाळसं धरलं. मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या. लिफ्टमध्ये बायका तिचे गाल ओढायच्या आणि मी घरी येऊन दृष्ट काढायचे. दोन वर्षांची झाली, चार वर्षांची झाली, बाळसं उतरेना. सहाव्या वर्षी बायकांनी गाल ओढणं बंद केलं आणि सल्ले द्यायला सुरुवात केली.

दहाव्या वर्षी तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसायला लागला. मला वाटलं मळ. आमच्यात मळ म्हणजे आईचं नाक कापलं जातं. शाळेचं गॅदरिंग होतं, नाचात घेतलं होतं, पोशाखाचा गळा मागून मोठा होता. आदल्या दिवशी दुपारी मी तिला न्हाणीघरात पाटावर बसवलं. बेसन-लिंबू लावून घासलं, दही लावून घासलं. शेवटी पायाची वजरी घेतली.

"आई, निघत नाहीये ना, सोड ना," ती रडायला लागली.

"रोज नीट अंघोळ केली असतीस तर ही वेळ आली नसती," मी म्हटलं आणि आणखी जोरात घासलं.

मान लालभडक झाली, सोलवटली, आणि लालीच्या खाली काळं तसंच. नाचात तिला मागच्या रांगेत उभं केलं. त्या दिवसापासून ती केस मोकळे सोडायला लागली आणि मला तिची मान कधी नीट दिसली नाही.

तेराव्या वर्षी पाळी अनियमित झाली आणि थकवा सुरू झाला, म्हणून आमच्या डॉक्टरांनीच मीरा रोडच्या त्या बाईंकडे पाठवलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. लिव्हरवर चरबी, साखर काठावर. बाईंनी तिचे केस बाजूला करून मान पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ही घासून जाणारी गोष्ट नाही. शरीरात इन्सुलिन आहे, पण ते नीट वापरलं जात नाहीये. त्याची ही खूण असते." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. दोष देणारी नजर असती तर सोसली असती. तिची सुटका झाली होती. तीन वर्षं ती स्वतःला घाणेरडी समजत होती.

मग मी विचारलं, ते अँटिबायोटिकचं का विचारलंत? त्यांनी सोपं करून सांगितलं. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाच्या आतड्यात उपयोगी जंतूंची वस्ती बसत असते. अन्नातून काय घ्यायचं, चरबी किती साठवायची, यात त्या वस्तीचा वाटा असतो. त्याच काळात पुन्हा पुन्हा हे औषध पडलं की वाईटांबरोबर चांगले जंतूही मरतात आणि वस्ती विस्कटते. अशा मुलांत पुढे वजनाचा, साखरेचा त्रास जास्त आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांत नाही.

"म्हणजे हिला माझ्यामुळे झालं?"

"एका मुलाकडे बोट दाखवून असं सांगता येत नाही. घरात कुणाला डायबिटीस?"

सासूबाईंना होता.

"मग तेही आहे. खाणं आहे, बसून राहणं आहे. सगळं मिळून होतं. आणि हे बघा, जंतूंचा खरा आजार असेल तेव्हा हे औषध लागतंच. त्याला घाबरू नका."

शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं, एवढंच. मला हो किंवा नाही हवं होतं. खुन्यालासुद्धा शेवटी निकाल ऐकवतात. मला कुणी दोषी म्हणेना आणि सोडूनही देईना. सासूबाईंवर ढकलून मोकळी होता आलं असतं. त्या वारल्यात, हरकत घ्यायला येणार नव्हत्या. पण मी दोष स्वतःकडेच ओढून घेतला. माझ्यामुळे बिघडलं असेल तर माझ्याच हातून सुधारेल, असा माझा वेडा तर्क होता.

पुढची चार वर्षं मी त्या पोरीच्या पोटाच्या मागे लागले. घरचं दही, ताक, नाचणीचं आंबील, मोड आलेली कडधान्यं. बिस्किटाचा पुडा घरात बंद. संध्याकाळी सोसायटीला पाच चकरा, मी पुढे आणि ती मागे, बाकावरचे आजोबा बघताहेत. डब्यातली भाजी ती मैत्रिणीला द्यायची आणि क्लासच्या खाली वडापाव खायची. दप्तरात कागद सापडले की मी ओरडायचे. मग कागद सापडायचे बंद झाले, वडापाव नाही. लोणी-साखर खाऊनही काडीसारखी राहणारी पोरं त्याच मजल्यावर होती, आणि तिला मुठीएवढा भात चढायचा. सोळाव्या वर्षी साखरेनं काठ ओलांडला. गोळ्या सुरू झाल्या.

दवाखान्यात तोवर माझं वेड वाढलं होतं. बाटली मागायला आलेल्या बायकांना मी व्याख्यान द्यायला लागले. एकदा त्या गावातल्या म्हातारीच्या सुनेला मी इतकं घाबरवलं की ती औषध न घेताच निघून गेली. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "तू नोकरी कर. डॉक्टरकी मी करतो," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, तुम्ही केलीत तीच निस्तरतेय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताकच ओतून द्यायला निघाले होते.

गेल्या मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा चालू होती. दोन पेपर राहिले होते. ती दुपारी घरी आली आणि म्हणाली, "आई, लघवीला जळजळतंय. सारखं जावं लागतंय." ऊन मी म्हणत होतं. उन्हाळी लागली असणार, मी म्हटलं. तरी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर या वेळी थकलेले नव्हते, चांगले सावध होते. "साखर असलेल्या मुलीनं हे अंगावर काढायचं नाही," ते म्हणाले. "लघवी तपासायला दे आणि आजपासून ही गोळी सुरू कर. पाच दिवस."

चिठ्ठी घेऊन मी कपाटाशी गेले. गोळ्या डब्यातून तळहातावर घेतल्या, मोजल्या. मुलगी बाहेर बाकावर डोकं भिंतीला टेकून वही वाचत होती. मला ती सगळी वर्षं आठवली, ते आ केलेलं चिमुकलं तोंड. आता पुन्हा नाही, मी ठरवलं. गोळ्या डब्यात परत टाकल्या आणि शेजारच्या डब्यातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या पुडीत बांधल्या. एक रेघ, दोन रेघा. लघवीच्या तपासणीसाठी दिलेली बाटली रिकामीच पर्समध्ये राहिली. आधी धण्याचं पाणी देऊन बघू, दोन दिवसांत उतरलं नाही तर पाहू, असं मी स्वतःला सांगितलं. तिला काहीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, लघवी एकदम पिवळीधमक होतेय गं."

बी-कॉम्प्लेक्सनं होतेच. हे मी शेकडो लोकांना सांगितलंय.

"म्हणजे गोळी लागू पडतेय," मी म्हटलं.

"पण जळजळ वाढलीय."

"उष्णता बाहेर पडतेय. पाणी पी."

तिनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी दवाखान्यात काम करते.

चौथ्या दिवशी ती पेपरला गेली. अर्ध्या वेळात तिला उठवून बाहेर आणलं आणि एका शिक्षिकेनं रिक्षात घालून घरी सोडलं. दात वाजत होते. उजवी कूस धरून ती दारातच बसली आणि ओकली. मीरा रोडला हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत ती माझं बोलणं ऐकत होती की नाही, मला कळेना. साखर भलतीच वर गेली होती. जंतू किडनीपर्यंत पोचले होते.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "अँटिबायोटिक कोणतं चालू होतं? किती दिवस?"

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती पुढे केली असती तर प्रश्न मिटला असता. पण मग त्यांनी समजून चाललं असतं की तीन दिवस देऊनही ते औषध हरलं, आणि त्यावरून पुढचं ठरवलं असतं. तेवढं ज्ञान मला नोकरीनं दिलंय. खोटं बोलायचीही सोय उरली नव्हती.

"दिलं नाही," मी म्हटलं. "लिहून दिलं होतं. मी पुडीत बी-कॉम्प्लेक्स बांधलं."

"का?" त्या मुलानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

खाटेवर माझ्या मुलीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तिची नजर आठवते.

नऊ दिवस ती तिथे होती. बाटल्यांमागून बाटल्या शिरेतून गेल्या, सगळी तीच औषधं, माझ्या केळ्याच्या वासाच्या बाटलीपेक्षा कितीतरी जबर. शेवटचा पेपर बुडाला, आधीचा अर्धाच लिहिलेला. आता रोज इन्सुलिनचं इंजेक्शन आहे. उजव्या किडनीवर डाग राहिलाय. तो पुढे काय करेल ते पाहत राहायचं, असं सांगितलंय. नवरा माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायला लागला.

घरी आल्यावर आठवडाभरानं मी तिच्या पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, "मी लहानपणी तुला इतकं औषध पाजलं, म्हणून या वेळी मला भीती वाटली गं."

"लहानपणीचं मला काही नाही," ती म्हणाली. "तेव्हा सगळेच देत होते. तुला माहीत नव्हतं. पण मी तुला सांगितलं ना, लघवी पिवळी होतेय म्हणून. तू म्हणालीस, गोळी लागू पडतेय."

"अगं, मी तुझ्यासाठीच केलं."

"हो. दोन्ही वेळा माझ्यासाठीच केलंस."

ती चिडून बोलली असती तर मी पाय धरले असते, रडले असते. ती अगदी सरळ आवाजात बोलली, पेपरात काय आलं होतं ते सांगावं तशी. मग तिनं माझ्या हातातला तिचा टॉप घेतला आणि स्वतः घडी घालायला लागली.

एप्रिलमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. मे महिन्यात डॉक्टरबाईंकडे दाखवायची तारीख होती. फाइल नेहमीप्रमाणे माझ्या मांडीवर होती, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. नंबर पुकारला तशी मी उठले. तिनं हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार हवाय, म्हणून मी हात दिला. तिनं तो बाजूला केला आणि फाइल घेतली.

"तू बस इथे. मी एकटी जाते."

"त्यांना काही विचारायचं असेल तर? तुला सगळं कुठे माहितीये?"

"मला माहीत नाही तेवढंच सांगेन, माहीत नाही म्हणून."

ती आत गेली आणि दार आपोआप लागलं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच बाईंनी काही विचारलं आणि ती बराच वेळ बोलत राहिली. इतकं सलग ती घरात कधी बोलत नाही. शेजारच्या खुर्चीतली बाई माझ्या रिकाम्या मांडीकडे बघून म्हणाली, "आपका नंबर कौनसा है?"

"मेरा नंबर नहीं है," मी म्हटलं. "मैं बस साथ में आई हूँ."